अधांतरी महाराजांची बकेट

"पडली नाही! अहो बघा, पडली नाही!"

रविवारी सकाळी वाघोलीत आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर ही आरोळी उठली आणि दोन-तीनशे माणसांनी एकदम हात जोडले. मधोमध झेंडूच्या माळा घातलेला एक ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरच्या पुढे लोडर बसवलेला, म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला वाळूने शिगोशीग भरलेली बकेट. बकेट माणसाच्या डोक्याच्याही वर अधांतरी. इंजिन बंद. आणि त्या लोखंडी हातांकडे तेल नेणारी काळी नळी अधांतरी महाराजांनी लांब दांड्याच्या कोयत्याने नुकतीच एका घावात तोडली होती. तेलाची चिळकांडी उडाली, बायका किंचाळल्या, आणि बकेट मात्र जिथल्या तिथे.

"नळी तुटली, तेल सांडलं, इंजिन झोपलं," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मग हा भार धरला कोणी?"

"महाराजांनी!" गर्दी ओरडली.

"नाही रे बाळांनो. श्रद्धेनं धरला. ही ताकद तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही मॉडेलमध्ये... मार्गामध्ये मिळणार नाही!"

मॉडेलमध्ये? माझे कान टवकारले. आशीर्वाद देताना मॉडेल आठवणारा साधू मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी कुसुम आगटे. पॉलिटेक्निकमध्ये पोरांना द्रवयांत्रिकी शिकवून निवृत्त झाले. उभा जन्म कर्वेनगरात काढला आणि आता मुलाने फ्लॅट घेतला म्हणून वाघोलीत येऊन पडले आहे. माझी मैत्रीण विचारते, "पुण्यात कधी येतेस?" असो. मला बकेट न पडल्याचं काडीचंही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्याखालून जाणाऱ्या रांगेचं.

हो, रांग! पूर्वी गावात हत्ती आला की भित्र्या पोराला त्याच्या पोटाखालून काढायची पद्धत होती. पोर धीट होतं म्हणे. आता नगर रोडच्या ट्रॅफिकमधून हत्ती कोण आणणार? म्हणून महाराजांनी लोखंडाचा हत्ती आणला. लोक आपली पोरं कडेवर घेऊन बकेटखालून जात होते, आणि जाता जाता सांडलेल्या तेलाचं बोट गुडघ्यांना लावत होते. एक गृहस्थ तर औषधाची रिकामी बाटली घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, "अहो, भजी तळायला नेताय का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या कुलदैवताला शिवी दिली होती.

एवढ्यात रांगेत मला रुपाली दिसली आणि माझी थट्टा जागीच थिजली.

रुपाली आमच्या खालच्या मजल्यावर राहते. मूळची वाशीमची, इथे एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. हुशार पोरगी. तिच्या काखेत सतरंजी होती आणि बोटाला धरलेली साई, तिची पाच वर्षांची लेक. साईला आकडी येते. गेले वर्षभर औषध चालू आहे.

"सतरंजी कशाला गं?" मी विचारलं.

"महाराजांनी सांगितलंय काकू. नुसतं खालून काढून भागणार नाही, तिला खाली झोपवायचं. घटकाभर. मग आकडी कायमची जाईल."

"आणि गोळ्या?"

तिने सतरंजी दुसऱ्या काखेत घेतली.

"रुपाली, गोळ्या?"

"बंद केल्यात. परवापासून. दोन्ही चालत नाहीत म्हणाले." मग तिचा बांध फुटला. "काकू, तुम्हाला बोलायला सोपं आहे हो! गोळीनं ती दिवसभर पेंगते. शाळेत बाकावर डोकं ठेवून झोपते. बाई म्हणतात, हिला घरीच ठेवा. माझी पोर हसायची विसरली, काकू. मी काय करू?"

आकडीची गोळी अशी एकाएकी तोडायची नसते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पण उपदेश ऐकायच्या मनःस्थितीत ती नव्हती. म्हणून मी तिचा हात धरला. "मला दहा मिनिटं दे. हा चमत्कार खोटा आहे हे दाखवलं, तर पोरीला इथून नेशील?"

"दाखवा," ती म्हणाली. "पण दाखवा. सांगू नका."

चुका शोधणाऱ्या बाईचं हे म्हणणं मला फार आवडलं.

तोवर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर रंगराव दुसऱ्या फेरीसाठी नवी नळी बसवत होता. महाराजांकडे नळ्यांचा खोकाच होता. चमत्काराला सुटे भाग लागतात हे मला तिथेच कळलं. रंगरावने इंजिन चालू केलं, बकेट खाली घेऊन पुन्हा वर नेली, इंजिन बंद केलं. महाराज कोयता सरसावून मंत्रासाठी ओठ हलवू लागले.

"थांबा महाराज!" मी पुढे झाले. "एक विनंती आहे. घाव तुमचाच, नेहमीसारखा एका दणक्यात. पण मंत्र माझा."

"माई, मंत्र चुकला तर प्रलय होईल."

"होऊ दे. प्रलय माझ्या नावावर लिहा. तुम्ही फक्त तोंडात हा प्रसादाचा पेढा धरा, म्हणजे चुकून तुमचा मंत्र निसटायचा नाही."

गर्दी खसखसली. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? "होऊन जाऊ द्या महाराज!" मागून कोणी तरी ओरडलं. नाही म्हणावं तर भ्याल्यासारखं दिसतं. महाराजांनी पेढा तोंडात घेतला. मी सगळ्यांना चांगलं दूर सरकवलं, डोळे मिटले, आणि खर्जातला सूर लावला.

"एकोणतीस एके एकोणतीस... एकोणतीस दुणे अठ्ठावन्न... एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

खाड्! नळी तुटली, चिळकांडी उडाली. बकेट जिथल्या तिथे. एकोणतीसच्या पाढ्याने मणभर वाळू तोलून धरली होती! पोरं खिदळायला लागली. महाराजांच्या गालात पेढा तसाच फुगलेला होता.

"रंगराव," मी ड्रायव्हरला विचारलं, "लोखंडी हात उचलणाऱ्या त्या सिलिंडरच्या बुडाशी, जिथे नळी जोडतात, तिथे शेंदूर फासलेलं ते बोंडूक काय आहे?"

रंगरावने एकदा महाराजांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "व्हॉल्व हाय बाई तो. कंपनीनंच बसवलेला हाय."

"ऐका मंडळी," मी म्हटलं. "बकेट उचलतं ते त्या सिलिंडरमध्ये भरलेलं तेल. नळी अचानक फुटली तर सगळं तेल सुसाट बाहेर धावणार आणि बकेट धाडकन खाली. तसं होऊ नये म्हणून हा व्हॉल्व. जोराचा वारा आला की घराचं दार धाडकन लागतं ना? तसंच तेल जोरात धावलं की त्याच लोटाने ह्याचं झाकण मिटतं. बाकीचं तेल आत अडकतं, आणि तेल काही दाबून लहान होत नाही. म्हणून बकेट तिथेच राहते. शेतीच्या प्रदर्शनात लोडर विकणारे हाच खेळ करून दाखवतात. काय महाराज, कुठल्या स्टॉलवर होतात?"

"बजरंगदादा दोन वर्सं स्टॉलवरच व्हते की," रंगराव महाराजांकडे बोट दाखवत भोळेपणाने बोलून गेला.

हशा पिकला. मला वाटलं, जिंकलं! पण कसलं काय. एक आजीबाई कुंकवाची डबी घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी त्या व्हॉल्वला टिळा लावला. दुसऱ्या एकाने त्याला झेंडूचं फूल खोचलं. आणि रुपाली म्हणाली, "काकू, मंत्रानं म्हणा की व्हॉल्वनं म्हणा, बकेट पडत नाही हे तर खरं ना? मग झोपवू द्या तिला. झालं तर भलंच होईल."

घ्या! मी कपाळावर हात मारून घेतला. भोंदूचा चमत्कार फोडायला गेले आणि व्हॉल्वचं देऊळ बांधून बसले.

महाराजांनी पेढा गिळला. "विज्ञान आणि अध्यात्म एकच आहे, माई!" ते लगेच म्हणाले. माणूस विक्रेता खरा.

आता मात्र मी चिडले. "रंगराव, नवी नळी लावा. बकेट वर घ्या. इंजिन बंद करा."

रंगरावने तसं केलं. मी रुपालीच्या काखेतली सतरंजी ओढून घेतली, बकेटच्या मागून लांब काठीने ती खाली ढकलली, आणि नैवेद्याला आणलेला एक भला मोठा कोहळा काठीनेच तिच्यावर गडगडत नेला. साईचं डोकं यायचं होतं, बरोबर तिथे.

"महाराज," मी म्हटलं, "नळी तुटलेली असताना तुम्ही भार धरता. मग नळी धड असताना तर सहज धराल. यावेळी कोयता नको. मी फक्त सीटजवळचा, बकेट वर-खाली करायचा हा दांडा जरासा पुढे करते. म्हणा तुमचा मंत्र. पोटभर म्हणा."

महाराजांचा चेहरा पडला. "दांड्याला... दांड्याला हात लावायचा नसतो."

"का? इंजिन बंद आहे. श्रद्धा चालू आहे."

"अहो बाई, खाली येईल ती!" ते ओरडले. मंत्राबिंत्राचा सूर गेला, स्टॉलवरचा बजरंग बोलला.

"ऐकलंस रुपाली? हे ह्यांना ठाऊक आहे."

गुडघे कुरकुरत मी ट्रॅक्टरवर चढले आणि दांडा पुढे केला. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. बकेट निमूटपणे खाली यायला लागली. सावकाश. कोणाची हाक नाही की किंकाळी नाही. कोहळ्याला टेकली, क्षणभर थांबल्यासारखी वाटली, आणि कोहळा कडकन फुटला. पांढरा गर सतरंजीभर पसरला.

रुपालीने साईला उचलून छातीशी इतकं घट्ट धरलं की पोर "आई, दुखतंय" म्हणाली.

"दांड्याने तेल सावकाश जातं," मी वरूनच सांगितलं, "आणि झुळकीने दार लागत नसतं. नळीला बारीक चीर पडून तेल झिरपलं, तरी झाकण मिटत नाही, आणि बकेट तशीच खाली येते. कोणाचा धक्का दांड्याला लागला तरी येते. तो व्हॉल्व अपघातात जीव वाचावा म्हणून आहे, खाली झोपायला परवानगी म्हणून नाही. काम झालं की बकेट जमिनीला टेकवायची. त्यानंतर तिला हळद लावा, कुंकू लावा, साडी नेसवा, माझं काही म्हणणं नाही. आणि ते तेल गुडघ्यांवरून पुसा, नळी तुटते तिथे जवळही जाऊ नका. दाबाखालच्या तेलाची चिळकांडी सुईसारखी कातडीत शिरते, हात कापायची वेळ येते."

बाटलीवाले गृहस्थ बाटली पाठीमागे लपवत होते.

रुपाली महाराजांसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं. दांड्यानं खाली येते हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही माझी लेक तिथे झोपवणार होतात?"

बजरंग नळ्यांचा खोका आवरायला लागला. चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला पोलीस चौकीत आम्ही दोघींनी समजावून सांगायची व्यवस्था केली.

पण त्याआधी, चौकीच्याही आधी, आम्ही साईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. रुपालीने गोळ्या बंद केल्याचं रडत कबूल केलं. डॉक्टर रागावले, ते रास्तच होतं. मग ती चाचरत म्हणाली, "डॉक्टर, पण गोळीनं पोर पेंगते. का पेंगते?" डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, कागदावर मेंदूचं चित्र काढलं, सगळं समजावलं, आणि औषध बदलून दिलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काकू, हे मी वर्षभर विचारलंच नाही. वाटायचं, डॉक्टरांना कसं विचारायचं?"

इथेच तर सगळी गोम आहे. डॉक्टरला विचारायला आपण बिचकतो आणि भोंदूला विचारणं पाप समजतो. विचारा! डॉक्टरला विचारा, मेकॅनिकला विचारा, मलाही विचारा. ज्याला माहीत आहे तो खुर्ची पुढे ओढेल, आणि ज्याला माहीत नाही तो तसं सांगेल. पण "का?" म्हटल्यावर जो डोळे मिटतो, त्याच्या अधांतरी टांगलेल्या भाराखाली जाऊ नका. आणि पोटच्या पोराला तर नाहीच नाही.