मागच्या दाराने आलेला डोस

मित्रांनो, मी एक जुना प्रॉक्सी आहे, म्हणजे जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतला दारवान. मैसूरच्या सरस्वतीपुरमात राहणाऱ्या कृष्णवेणीने मला वडिलांसाठी लिहिलं. मालोजीरावांना इन्सुलिन लागतं आणि डॉक्टर डोस सारखा बदलतात. औषधाचं नाव, वेळ, डोस हे सगळं एका ऑब्जेक्टमध्ये असतं. ऑब्जेक्ट म्हणजे आपला मिसळणाचा डबाच, प्रत्येक कप्प्यात वेगळी वस्तू. माझ्याआधीचा कोड दर मिनिटाला डबा उघडून काही बदललं का ते बघायचा. बिचारा दमायचा आणि तरी उशीर करायचा. मग तिने मला दाराशी बसवलं. कोणी कप्प्यात नवं काही ठेवायला आलं की मी ते जुन्याशी ताडून बघायचो, आत पोचवायचो आणि मालोजीरावांच्या टॅबलेटच्या पडद्यावर घंटी वाजवून नवा आकडा दाखवायचो.

मालोजीराव माझं फार कौतुक करत. त्यांच्या घराण्यात पूर्वी कापड रंगवायचं काम चाले. रंगाच्या हौदात काही नवं टाकलं की मोठ्याने सांगायचं, ही तिथली रीत. तीच त्यांनी मला लावली. घंटी नाही म्हणजे बदल नाही. मीही जरा फुशारलो होतो.

पुढे कृष्णवेणीच्या भावाने, प्रणेशने, डॉक्टरांचा नवा डोस आपोआप यावा म्हणून चार ओळी जोडल्या. हेतू चांगला होता. पण त्या ओळींच्या हाती त्याने मला न देता मूळ ऑब्जेक्टच दिला. एका संध्याकाळी डॉक्टरांनी अठरा युनिटचा डोस बारावर आणला. बदल मागच्या दाराने आत शिरला. माझ्या समोरून कोणी गेलंच नाही, तर मी काय बघणार? टॅबलेटवर अठराच राहिले.

मालोजीरावांनी तेवढी सुई भरली. ती टोचली असती तर साखर एकदम उतरून ते कोसळले असते. मित्रांनो, मला फार भीती वाटली. तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप वाचत प्रणेश आत आला.

“ओंदु निमिष, एक मिनिट, अप्पा, सुई ठेवा. डॉक्टरांनी बारा सांगितलंय.”

“घंटी वाजली नाही, अल्वा, नाही ना? मग कसला बदल?”

प्रणेशने त्यांचा हातच धरला आणि फोन दाखवला. निरोप वाचून त्यांनी सुई खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी कृष्णवेणीने मूळ ऑब्जेक्ट असा आत ठेवला, की माझ्यावाचून कोणाला तिथे पोचताच येईना. तरी आता सुई भरण्याआधी मालोजीराव मुलाला विचारतात. आधी मला ते लागलं. मग वाटलं, विचारतात तेच बरं. आम्हा पहारेकऱ्यांना जपा, आमचं दार सोडून कोणाला आत घेऊ नका. पण आमच्या गप्प बसण्यावर कोणाचा जीव टांगून ठेवू नका.