आत्या, तुझी तपासणी झाली का?

"पोरी, 'कळवू नका'वर खूण करू नकोस," नाबोसा आत्या तेव्हाच म्हणाली होती. युगांडातल्या मसाकाच्या दवाखान्यात आम्ही दोघींनी मलेरियाच्या संशोधनासाठी रक्त दिलं होतं. जनुकांत भलतंच काही आढळलं तर कळवायचं का, असा फॉर्मवर प्रश्न होता. माझं बाळंतपण जवळ आलेलं. जिवाला आणखी घोर नको म्हणून मी तिचं न ऐकता 'कळवू नका'वरच खूण केली. तिने 'कळवा'वर खूण केली.

वर्षाने नर्स तिच्याकडे आली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष तिच्या रक्तात निघाला होता, आणि तो घराण्यात उतरतो. माझ्याबद्दल काही निघालं असेल तरी नर्सला मला सांगायची मुभा नव्हती.

आत्या मात्र मटोकेच्या हिरव्या केळ्यांचा घड घेऊन दारात हजर.

"दवाखान्याला नको म्हणालीस, मला कुठे म्हणालीस? नको ते सांगणं आत्याचंच काम. लग्नाआधी नवरा-बायकोचं सगळं सांगत होते, तेव्हा कान झाकले होतेस का?"

"आत्या, बाळ ऐकतंय!"

"ऐकू दे. तिच्यातही आपलंच रक्त आहे."

मी तपासून घेतलं. दोष माझ्यातही आहे. आता दरवर्षी तपासणीला जाते. आत्याने सगळ्या भाच्यांना असंच हाकत नेलं.

स्वतःचं विचारलं की म्हणते, "झाली गं तपासणी." तिचं तपासणीचं कार्ड माझ्याकडे राहिलंय, अगदी कोरं. बाजारात पिवळ्या छत्रीखाली ती बायकांचे गोमेसी झगे शिवते. तिकडे गेलात तर मापं देता देता तिला एवढं विचाराल का?