लावू का?

विजेच्या पेटीच्या झाकणाचा चौथा स्क्रू काही केल्या सुटेना. रंगाऱ्याने भिंतीबरोबर त्यालाही रंगवून टाकलं होतं. वायरमनने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर दोन ठोके मारले, पुन्हा जोर लावला, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून तिच्या सासऱ्यांचा आवाज आला.

"इस्त्री लावतोय. चालेल?"

स्वयंपाकघरात तिने ठेवलेलं किटलीतलं पाणी उकळायच्या बेतात होतं. तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं न काढताच किटलीचं बटण बंद केलं.

"लावा," तो छताकडे तोंड करून म्हणाला.

वायरमन हात तसाच धरून थांबला. आपण कुठे येऊन पडलो, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. तिला हसू आलं. तिने त्याला घरची रीत सांगितली. घराचा मेन स्विच जुना आणि लहान. दोन मोठ्या वस्तू एकदम लावल्या की तो पडून वीज गेलीच म्हणून समजा. त्यामुळे गीझर असो, ओव्हन असो की हीटर असो, या घरात लावण्याआधी विचारायचं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच सकाळी तिने न विचारता केस वाळवायचं मशीन लावलं होतं, आणि सासऱ्यांच्या डोक्याला साबण असताना गीझर बंद पडला होता. सासूबाई महिनाभर ते आठवून पुरवून पुरवून हसल्या होत्या.

वायरमनने मान डोलावली. अशा घरात गाडी चार्ज करायची म्हणजे सगळ्या वस्तूंना रजेवर पाठवावं लागेल, म्हणाला.

गाडी तिला कामावरून मिळणार होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करायची, औषधं द्यायची, हे तिचं काम. बसने जेमतेम चार घरं होत. विजेवरची गाडी मिळाली तर नऊ झाली असती. अट एकच होती, चार्जिंगची सोय स्वतःच्या घरी हवी. चाचणीपुरती एक गाडी दोन दिवसांसाठी दिली होती; सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि आज शनिवार होता. तिला ती गाडी मनापासून हवी होती.

वायरमनने तोडगा सांगितला. मेन लहान असला तरी एक यंत्र बसवता येतं. घरात किती लोड आहे यावर ते नजर ठेवतं. लोड वाढला की गाडी आपोआप थांबवतं, कमी झाला की पुन्हा सुरू करतं. इस्त्री-गीझरचीही तशीच पाळी लावून देतं. कुणी कुणाला विचारायला नको.

"उत्तम," नवरा म्हणाला. "ही बोंबाबोंब तरी थांबेल."

विचारणं थांबलं तर काय उरेल? हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. गेली तीन वर्षं या बापलेकांत जे काय बोलणं होतं ते एवढंच होतं. लावू का, लावा. त्यापुढे एक अक्षर नाही.

सासूबाईंची फुप्फुसं थकत गेली तेव्हा मुलाचं म्हणणं होतं, हॉस्पिटलमधून हलवायचं नाही. सासूबाईंनी मात्र सासऱ्यांचा हात धरून सांगितलं, मला घरी न्या. सासऱ्यांनी आणलं. वरच्या खोलीत, खिडकीशी, ऑक्सिजनचं मशीन लावून. सतराव्या दिवशी त्या गेल्या. त्या दिवशी मुलगा बापाला सगळ्यांदेखत म्हणाला, तुम्ही हात झटकलेत.  तेव्हापासून सासरे वर आणि ही दोघं खाली. ताट ती वर नेऊन देई. जिन्यात समोरासमोर आलेच तर दोघंही असे खाली बघत जात, जणू काही हरवलंय. पण हीटर लावायचा तर विचारणं भाग होतं, आणि विचारलं की उत्तर देणंही. थंडीत या घरातलं बोलणं वाढे, आणि ती मनातल्या मनात थंडीचे आभार मानी.

आता तिच्याच गाडीपायी तेही जाणार होतं. काहीतरी बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण परक्या माणसाला काय सांगणार? तिने किटली पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

स्क्रू सुटला. झाकण बाजूला करून वायरमनने आत टॉर्च मारला, मीटरपासून येणारी केबल बोटाने चाचपली, आणि मागे वळून विचारलं, मेन लहान आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? हा चांगला दुप्पट मोठा होता. केबलसुद्धा नवी होती. घरातलं सगळं एकदम लावलं तरी हा ढिम्म हलणार नाही.

शक्यच नाही, नवरा म्हणाला. लहानपणापासून हेच पाहत आलोय.

वायरमनने वाद घातला नाही. झाकण उलटं करून त्याच्या हातात दिलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. सासऱ्यांचं अक्षर, प्रत्येक ओळीखाली पट्टीने मारलेली रेघ.

"मेन बदलून मोठा केला. मशीनसाठी वेगळी लाइन. मशीन एक मिनिटही बंद पडता कामा नये. कुणी हात लावू नये."

खाली तारीख होती. सासूबाई घरी आल्या त्याच्या दोन दिवस आधीची. तो दिवस तिला पक्का आठवत होता. त्या दिवशी ती दोघं हॉस्पिटलमध्ये बसून होती आणि सासरे सकाळपासून कुठे गेले होते याचा पत्ता नव्हता. बायको शेवटच्या घटका मोजतेय आणि हे फिरतायत, असं नवरा तेव्हा म्हणाला होता, आणि नंतरही कितीदा तरी.

 नवऱ्याने कागदावरून अंगठा फिरवला. तिला त्याचे कान लाल झालेले दिसले. त्याला काय कळलं ते तिलाही त्याच क्षणी कळलं. मेन मोठा आहे हे वरच्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. विचारायची गरजच नव्हती. तरी तीन वर्षं ते विचारत राहिले.

वायरमनचं लक्ष कामात होतं. मशीनची ती लाइन नुसती पडून आहे, तीच काढली तर गाडीला जागा होते, यंत्रबिंत्र काही नको, त्याने सांगितलं. काढू का? नवऱ्याने होकाराची मान हलवली.

वीज बंद करायची म्हणून ती सांगायला वर गेली. सासरे इस्त्री केलेला सदरा घडी घालत होते.

"झाकण उघडलं त्याने?" त्यांनी विचारलं.

ती हो म्हणाली. त्यांनी घातलेली घडी मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. त्यांचे हात इतके सावकाश चालले होते की तिला तिथे उभं राहवेना.

दुपारी वायरमन गेला. बाहेरच्या भिंतीवर चार्जर बसला होता, आणि चाचणीसाठी कामावरून दिलेली गाडी त्याच्याजवळ उभी होती. वीज येऊन तास झाला तरी वरून एकदाही हाक आली नव्हती. गीझरची वेळ टळून गेली. आता सगळं उघड झालंय, सासरे कुठल्या तोंडाने विचारणार? तिला रडू यायला लागलं.

नवऱ्याने चार्जरची केबल तिच्या हातात दिली आणि तो जिन्याशी जाऊन उभा राहिला.  मग त्याने घसा साफ केला.

"बाबा, गाडी लावतोय. चालेल?"

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मला कशाला विचारतोस?" सासरे म्हणाले. "मेन मोठा आहे."

"कुठला मोठा?" नवरा वर बघून म्हणाला. "नाही झेपत त्याला. विचारूनच लावावं लागणार."

वरची पावलं जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली.

"आणि तुमचं इथे नीट ऐकू येत नाही," तो म्हणाला. "खाली येऊन विचारत जा."

केबल हातात धरून ती दारातच थांबली.  मग अगदी हळू, नवख्या माणसाने दारातून विचारावं तसं, सासऱ्यांनी विचारलं,

"आत्ता येऊ का?"