बावीस मोटारींची पाळी

दिवसा वीज मिळावी म्हणून आमच्या तांड्यानं करार केला होता. त्यावर तीन सह्या होत्या: सरकारी वीज खात्याची, मीटर बसवणाऱ्या खासगी कंपनीची आणि आमच्या समितीची. सकाळी नऊला वीज येणार. पण डीपीवर, म्हणजे तांड्याच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार वाढला की लाइन आपोआप बंद होणार. महिन्यात दहादा बंद झाली, तर योजना दुसऱ्या गावाला जाणार.

नऊ दिवसांत नऊदा बंद झाली.

माझा मुलगा पुण्याला कामाला. रात्रीच्या विजेवर हरभरा ओलायला, म्हणजे त्याला पाणी द्यायला, सून उज्ज्वला एकटीच जायची. मागच्या साली बांधावर रानडुकरानं तिची मांडी फाडली.

"याडी," आईला मारतात तशी हाक मारून ती मला म्हणाली, "रातचं पानी आता मायाच्यानं होत नाई."

त्याच संध्याकाळी सेवाभायाच्या देवळापुढे बैठक बसली. कंपनीची इंजिनिअर समीक्षा म्हणाली, "वीज आली की बावीस मोटारी एकाच मिनिटात सुरू होतात. सुरू होताना मोटार कितीतरी पट वीज ओढते. ऑटो काढा आणि पाच-पाच सुरू करा."

ऑटो म्हणजे वीज येताच मोटार चालू करणारी पेटी. विजेचा भरवसा नाही म्हणून ती सगळ्यांनीच लावलेली.

"मी थांबलो अन् तेवढ्यात लाइन गेली तं?" फुलचंद ओरडला.

तांड्याचा प्रमुख, नायक हिरासिंग म्हणाला, "नायक मी. पहिली पाळी मायी."

मी उठले. "नायका, लदेणीचे, माल लादलेले बैल नदीवर कसे पाजत, तुया बापानं सांगतलं नाई का? मागचा बैल पहिले, नायकाचा शेवटी. नाई तं मागच्याले नुसता चिखल."

"तुयं वावर शेवटचं, म्हनून आठोलं व्हय सुखीबाई?" फुलचंद म्हणाला.

"म्हनूनच आठोलं. खोटं हाय का?"

"म्हंजे नायक शेवटचा बैल!" मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले. हिरासिंगही मिशीत हसला. "मंग मी शेवटी. पन लिहून घ्या."

वीज खात्याचे घनश्यामसाहेब म्हणाले, "करारात पाळीचं कलम नाही."

"सही आमचीबी हाय ना साहेब? मंग कलम आमीबी सुचोतो," मी म्हणाले.

साहेबांनी करार पुन्हा वाचला. तिघांना मान्य असेल तर बदल करता येत होता.

"आणखी लिहा," हिरासिंग म्हणाला. "ऑटो कोनं लावला ते मीटर सांगन. पन मोटार कोनाची बंद करायची, ते समिती ठरवन. कंपनी नाई."

समीक्षानं पहिली सही केली, मग साहेबांनी, मग आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला लाइनच्या शेवटच्या, नाल्याकडच्या पाच मोटारी सुरू झाल्या. त्यात उज्ज्वलाची होती. दहा मिनिटांनी आणखी पाच. असं करत वीस झाल्या, मग एकविसावी. शेवटी हिरासिंगानं बटणावर बोट ठेवलं आणि डीपीकडे बघत राहिला.

"दाब ना बापा!" फुलचंद खेकसला.

त्यानं दाबलं. डीपी घुमत राहिला. लाइन बंद पडली नाही. तांडा असा ओरडला की झाडावरचे बगळे उडाले.

महिना संपला, पण दहावी वेळ आली नाही. त्या साली आमचा सगळा हरभरा उज्ज्वलानं उन्हात ओलला.