हौदाचं बूच

डॅरिलचा पहिला ठोसा फोतूच्या तोंडावर बसला तेव्हा हौदाचं रबरी बूच फोतूच्या हातात होतं आणि सकाळपासूनचं गढूळ पाणी मोरीतून गडगडत चाललं होतं. फोतूनं बूच सोडलं नाही. दुसऱ्या हातानं त्यानं डॅरिलला असा ठोसा हाणला, की तो खरबुजांच्या क्रेटवर उताणा पडला. फळांचा सरकता पट्टा थांबला. आम्ही फळं निवडणाऱ्या बायका हातातली खरबुजं तशीच धरून उभ्या राहिलो.

"बूच लाव, रेड्या!" डॅरिल ओरडला. आमचा मुकादम तो. "बाहेर ट्रक उभाय! माल आजच ब्रिस्बेनला निघायचाय!"

"पाणी मेलंय," फोतू म्हणाला. "यात काही धुवायचं नाही."

"मेलंय? तुला नाक आहे का? अख्खी शेड घमघमतेय!"

घमघमत होती, ते खरंच. मालकानं क्लोरीन बंद करून पाल्याचं तेल आणलं होतं, थाइमचं आणि इथल्याच मर्टलचं, लिंबासारख्या वासाचं. फळावरचे जंतू मारायचं आणि आमच्या हातांची सालपटं निघायची नाहीत. क्लोरीनच्या दिवसांत रविवारी चर्चमध्ये हात जोडले तरी बोटं चरचरायची, म्हणून त्या तेलाला पहिला आशीर्वाद मीच दिला. तेल चांगलंच आहे, आजही सांगते. दोष आमच्या नाकांचा. खरबुजाची साल जाळीची, खाचाखाचांत माती घेऊन येते. ती हौदात साठली की तेलाचा जोर मातीतच संपतो, पण वास दरवळतच राहतो. क्लोरीन होतं तेव्हा कागदाची पट्टी बुडवून जोर बघायचो. तेल आलं आणि आम्ही सगळी शहाणी माणसं नुसतं हुंगून "आहे, आहे" म्हणायला लागलो.

गेल्या हंगामात या हौदावर फोतूच होता. तेव्हाही ट्रक उभा होता, डॅरिल म्हणाला, "वास येतोय ना, चालू दे," आणि फोतूनं चालू दिलं. तडकलेली खरबुजं आम्ही टोंगा बेटांवरून कामाला आलेली माणसं नेहमीसारखी घरी घेऊन गेलो. फोतूच्या बायकोला, लाविनियाला, खरबुजाचेच डोहाळे लागले होते. तिला ताप भरला आणि बाळ पोटातच गेलं. जंतू सालीवरून आला, असं डॉक्टर म्हणाले. फोतूनं भिंतीवर मुठी मारमारून स्वतःची बोटं फोडून घेतली. मग तपासणीवाले आले, हौद घासून घेतला आणि दुपारी पाणी बदलायचंच, असं बजावून गेले. गर्दीच्या दिवशी बजावलेलं कोणाच्या लक्षात राहतं? फोतूच्या राहिलं.

आमच्यात सुतक असलं की कमरेला जुनी फाटकी चटई गुंडाळतात. फोतूनं ती अजून सोडली नव्हती. शेडमध्ये चालत नाही म्हणून रोज दाराबाहेर खिळ्याला टांगायचा आणि सुटी झाली की पुन्हा बांधायचा.

डॅरिल उठला तो पाणी ढवळायचा दांडा घेऊनच. पहिला फटका फोतूच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला पट्ट्याच्या या टोकाला ऐकू आला. बूच खाली पडलं. दुसरा फटका कानशिलावर बसला आणि रक्ताची धार लागली. तिसऱ्याला फोतूनं चांगल्या हातानं दांडा हिसकून भिरकावला, डॅरिलची मानगूट धरली आणि त्याचं तोंड तळाच्या चिखलपाण्यात दाबलं.

"वास चांगला येतोय ना? पी! माझ्या बाईनं खाल्लं, तू पी!"

डॅरिलचे पाय पत्र्यावर धडाधड आपटत होते. चार माणसं ओढत होती तरी फोतू हलेना. मग मी गेले आणि त्याचा कान पिळला, माझ्या धाकट्या भावाचा पिळायचे तसा.

"मेल्या, सोड त्याला! लाविनियाला पुन्हा दिवस गेलेत. तू तुरुंगात बसलास तर तिच्याजवळ कोण, हा हौद?"

त्यानं सोडलं. डॅरिल चिखल ओकत बाजूला सरपटला.

"चालता हो," तो खोकत म्हणाला. "पहिल्या विमानानं घरी पाठवतो तुला!"

फोतूनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एका हातानं बूच लावलं, नळ सोडला, तेल मापून ओतलं आणि दांडा उचलून ढवळायला लागला. हौद भरत आला, नवा वास सुटला, कोरा आणि झणझणीत. मला शरम वाटली. इतके दिवस आम्ही त्या जुन्या वासाला वास म्हणत होतो.

ढवळता ढवळता तो थांबला.

"ताई, माझं रक्त पडलं का गं यात?"

मी वाकून पाहिलं. "थोडंसं."

"मग हेही सोडायला हवं."

त्यानं बुचाला हात घातला. पण आता पूर्ण हौदाचं ओझं बुचावर होतं आणि त्याचा एकच हात धड होता. बूच निघेना.

"ए!" डॅरिल ओरडला. "जो हात लावेल तो याच्याबरोबर विमानात बसेल!"

फोतूनं माझ्याकडे पाहिलं. मला घरी तीन लेकरं, म्हातारी सासू, आणि सगळ्यांचं पोट या पट्ट्यावर. भीती वाटली, का नाही वाटणार? पण लाविनिया माझ्याच हातचं सूप पिऊन त्या तापातून उठली होती. मी अजून काखेत धरलेलं खरबूज खाली ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हातांनी बूच उपसलं. माझ्यामागे सगळ्या बायकांनी आपापली खरबुजं खाली ठेवली. पट्टा सुरू करायला डॅरिलला एकही हात उरला नाही.

फोतू बाहेर गेला. मीही गेले. खिळ्यावरची चटई त्यानं काढली, कमरेला लावली, पण एका हातानं गाठ बसेना. मी गुडघ्यांवर बसले आणि टोकं हातात घेतली.

"थांब जरा," तो म्हणाला.

शेडमध्ये पाणी मोरीतून गडगडत होतं. शेवटचा घोट जाईपर्यंत तो कान देऊन उभा राहिला. मग मी गाठ मारली.