भोंगा आणि पाळण्याची कुरकूर

दुपारची जेवणं उरकून सासूबाई आडव्या झाल्या की धम्मप्रियाला पाऊण तास मिळायचा. तेवढ्यात लेकीला, मैत्रीला, पाळण्यात टाकायचं, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचं, तोंडाशी उशी धरायची आणि फोनमध्ये कुजबुजत बोलायचं. पाळण्याची कडी कुरकुरायची. पण कुरकूर थांबली की आठ महिन्यांची मैत्री टक्क जागी! म्हणून प्रियाचं प्रत्येक मत त्या कुरकुरीसकटच जगात जायचं.

'खरं सांगू का' हे तिचं पेज. चेहरा नाही, नाव नाही, नुसता आवाज. नांदेड-लातूरकडची अकरा हजार पोरं तो ऐकायची. रॉकचं वेड तिला लातूरला लागलं. बारावीच्या क्लाससाठी खोली करून राहताना मैत्रिणीच्या इयरफोनचा एक कान वाट्याला यायचा, त्यातून. मतं मात्र पहिल्यापासून स्वतःची. तीनशे कोटींच्या एका सिनेमाबद्दल ती म्हणाली होती, "नायक इतका सावकाश चालत येतो, की तेवढ्यात नांदेडची एसटी अहमदपूरला पोचते आणि कंडक्टरचा चहाही होतो." आणि एका गाजलेल्या अल्बमबद्दल, "पहिली दोन गाणी गिटारची, उरलेली सहा गिटार कुठं ठेवली ते शोधण्याची."

घरात कुणालाच पत्ता नव्हता. घरात ती सगळ्याला 'छान' म्हणणारी सून होती.

धाकटा दीर आनंदराज विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चार मित्रांच्या 'बंद फाटक' नावाच्या बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा. त्यांचा नऊ गाण्यांचा पहिला अल्बम नुकताच तयार झाला होता. नाव 'भोंगा', धरणाचं पाणी सोडण्याआधी वाजतो, तो. मागच्या आठवड्यात त्यानं स्वयंपाकघरात येऊन एक गाणं ऐकवलं होतं.

"कसं वाटलं वहिनी?"

"छान झालंय की भाऊजी," ती भाकरी थापता थापता म्हणाली होती. त्यानं पुढचं लावलंच नाही.

सोमवारी जेवताना तो म्हणाला, "आई, त्या 'खरं सांगू का'वालीला अल्बम पाठवून दिलाय."

"कोण बया हाय ती?" सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी विचारलं.

"कोण की. चोरावानी कुजबुजत असती. पण खोटं बोलत न्हाई." त्यानं ताटातली भाकरी मोडली, खाल्ली नाही. "पुण्याच्या कंपनीला नोकरीचं शुक्रवारी पाचच्या आत कळवायचंय. ती चांगला म्हणली तर वर्षभर बँड करतो. वाईट म्हणली तर पुणं."

"म्हंजे माझ्या लेकाचं नशीब त्या बयेच्या तोंडात! त्यापरीस पाळण्याला तेल घाल की. दुपारभर लई किरकिर असती."

प्रिया आमटी वाढायला उठली.

चार दिवस तिनं तो अल्बम ऐकला. धुणं धुताना, मैत्रीला न्हाऊ घालताना, कानात इयरफोनचं एकच बोंडूक. लातूरच्या ऑफिसातून नवऱ्याचा फोन आला, "आनंदाचं एकदा पुण्यात मार्गी लागलं की मी मोकळा." ती हं म्हणाली. चांगलं म्हणावं तर खोटं. त्या खोट्यावर पोराचं एक वर्ष जाणार. वाईट म्हणावं तर त्याचे ड्रम माळ्यावर. गप्प बसावं, तर त्याचा तो काय अर्थ लावील?

शुक्रवारी दीड वाजता तिनं दोरी अंगठ्याला गुंडाळली.

"खरं सांगू का, 'भोंगा'मधली आठ गाणी टाकून द्या. गाणाऱ्यानं राग उसना आणलाय. नांदेडचं पोरगं चिडायच्या आधी हसतं, हे त्याला ठाऊक असायला हवं. आणि ड्रमवाला घाबरलाय. सगळ्यांच्या पुढं पळतो, गाणं संपलं की घरी सोडणार असल्यागत. आता सातवं ऐका."

तिनं सातवं लावलं. मध्येच गिटार थांबली, आवाज थांबला, आणि एकटे ड्रम लांबून पाणी यावं तसे येऊ लागले. घाई नाही, भीती नाही. प्रियाचा पाय जागच्या जागी राहिला.

मैत्रीनं भोकाड पसरलं.

"काय झालं गं?" पलीकडून सासूबाई उठल्या. प्रियानं घाईघाईनं शेवटचं रडणं कापलं आणि पाठवून दिलं. मैत्रीला खांद्यावर घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं, सातव्याबद्दल एक शब्दही बोलायचा राहिला.

पुन्हा बोलायला सवड मिळेना. मैत्री झोपेना, सासूबाई समोरच शेंगा फोडत बसल्या. तीन वाजले. चार वाजले. काढून टाकावं म्हणून फोन उघडला, तर नऊशे जणांनी ऐकलेलं. त्यात तो एक असणारच.

साडेचारला आनंदराज आला. तडक तिच्या खोलीच्या दारात. आधी त्यानं पाळण्याच्या कडीकडं बघितलं. ती कडी त्यानंच ठोकली होती.

"वहिनी, ड्रमवाला घाबरलाय म्हणं."

"भाऊजी... कधीपासनं ठाऊक हाय?"

"दिवाळीपासनं. माझा कान हाय, वहिनी. घरात इचारलं तर तुम्ही छानच म्हणता. म्हणून तिकडं पाठवला."

"सातव्याचं बोलायचं राहिलं हो. मैत्री उठली, अन् मी..."

"कुरकूर थांबली की." तो पहिल्यांदाच हसला. "आठ गाण्यांना नावं ठेवताना चालूच होती. सातव्याला थांबली. पाच डाव ऐकलं मी."

"पण मी चांगलं असं म्हणलेच न्हाई! त्याच्यावर काही ठरवू नका."

"ठरवलं. कंपनीला नको म्हणून कळवून आलो. आठ टाकून दिली. सातव्यापासनं नवं करायचं."

तिनं पाळण्याची दोरी धरली. उद्या शनिवार. नवरा लातूरहून येणार, आणि आनंदाचं काय ठरलं, हे पहिलं तिलाच विचारणार. छान म्हणून ते भागणार नव्हतं.

"आनंदा," बाहेरून चांगुणाबाईंची हाक आली, "आलाच हायस तर त्या कडीला तेल घाल!"

"तेल संपलंय, आई," तो म्हणाला, आणि खिडकीतली तेलाची बाटली उचलून कपाटामागं ठेवून दिली.