टायरला ऊन लागेपर्यंत

बलभीमनं ब्रेकची दोरी दोन्ही हातांनी ओढली आणि पाय पुढच्या दांडीला रोवले. चाकामागची बाभळीची फळी टायरला जाऊन भिडली. तसा आवाजही आला. पण गाडी थांबेना.

उसानं भरलेली गाडी उतारावर सुटली होती. पहाटेचा गारठा होता, डांबरावर दव होतं. जू पुढं सरकून बैलांच्या शिंगांना लागलं होतं. त्यानं आणखी जोर लावला, तशी दोरी तळहातातून सरसरत निघाली. ओल्या दगडावरून पाय घसरावा तशी फळी टायरवरून नुसती घसरत होती.

"हो राजा, हो, हो!"

शेवटी त्यानं दोरी सोडली, उजवीकडचा कासरा खेचला आणि बैल रस्त्याखालच्या नांगरलेल्या रानात घातले. मऊ मातीत चाकं रुतली. गाडी कलली, वरच्या मोळ्या ढेकळांवर कोसळल्या, आणि सगळं थांबलं.

मागून येणारा श्रीपती आपली जुनी, लोखंडी धावेच्या लाकडी चाकांची गाडी वरच उभी करून पळत आला.

"बलभीमदादा, लागलं का कुठं?"

"न्हाय."

"मंग जोडी रानात कशी? डुलकी लागली व्हती व्हय?" असं म्हणून श्रीपती हसला. आपण काय बोललो ते ध्यानात आल्यावर त्यानं मान खाली घातली आणि मुकाट्यानं पडलेला ऊस गोळा करू लागला.

याच उतारावर, गेल्या वर्षी पौषातच, हीच गाडी खालच्या मोरीत जाऊन पडली होती. तेव्हा गाडीवर बलभीमचा मुलगा बब्रुवान होता. तो त्यातच गेला. पोराला डुलकी लागली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो आदल्या दिवशी बहिणीला तुळजापूरला पोचवून उशिरा परतला होता. कारखान्यावर गाड्यांची रांग लागायच्या आत पोचावं म्हणून त्याच्या आईनं, द्वारकाबाईनं, त्याला अंधारातच हलवून उठवलं होतं.

"म्याच उठविलं त्येला," ती भरल्या अंगणात म्हणाली होती. "निजू द्याया पायजे व्हतं."

त्यावर बलभीम काही बोलला नव्हता. त्यालाही तसंच वाटत होतं. त्या दिवसापासून द्वारकाबाई उजाडल्याशिवाय कुणालाच उठवत नसे. आज तो आपणच उठून निघाला होता.

तो चाकाशी वाकला. टायरवर अंगठा दाबून पाहिला. अंगठा जरासुद्धा आत गेला नाही. मग त्यानं आपले तळहात पाहिले. दोन्हींची साल निघाली होती.

बहात्तरच्या दुष्काळात हा उतार त्यानं आणि द्वारकाबाईनंच खडी फोडून केला होता. तेव्हा बब्रू खडीच्या ढिगावर बसून खडे उडवायचा. पुढं पाऊसपाणी झालं, सहकारी कारखाना निघाला, शिवारात ऊस आला, आणि खडीवर डांबर पडलं. त्या गुळगुळीत डांबरासाठी बलभीमनं गाडीला टायर बसवले. साधे नव्हेत. उमरग्याला हमरस्त्यावर गुंडप्पाचं जुन्या टायरांचं दुकान होतं. हैदराबादच्या कुणा हौशी माणसाच्या शर्यतीच्या मोटारीचे उतरवलेले टायर त्यानं रिंगांसकट दिले होते. हातभर रुंद, काळेभोर. आख्ख्या गावात तसे कुणाकडं नव्हते.

वैशाखात, भर दुपारी, गाडीत दगड भरून बापलेक याच उतारावर आले होते. बलभीमनं एका हातानं दोरी ओढली, तशी गाडी उताराच्या मध्यावर जागच्या जागी थांबली. तापल्या रबराचा वास सुटला होता.

"आबा, ही तर आजीबी थांबवंल!" बब्रूनं खाली उडी मारत म्हटलं होतं.

आज ऊस कारखान्यावर टाकून परत येताना बलभीमनं गुंडप्पाच्या दुकानासमोर बैल सोडले. गुंडप्पा शेगडीपुढं शेकत बसला होता.

"या बलभीम. कसं हाय आमचं टायर? झिजतंय का?"

"झिजत न्हाय. पहाटं धरत न्हाय."

गुंडप्पानं शेकत धरलेले हात मागं घेतले. "थंडीत व्हय? थंडीत नाही धरायचं की. मऊ रबर असतंय ते, उन्हाळ्याचं. उन्हात रस्त्याला, फळीला चिकटून बसतंय, गारठ्यात आखडतंय. मग किती का रुंद असंना, दगड झाल्यावर कशाला धरणार? त्या शर्यतवाल्यांचं बी तसंच म्हणं. गार सकाळी मोटार एकदम सोडली तर सरळ घसरून जाती. आधी हळूहळू फिरवून टायर तापवून घेत्यात."

"तवा का न्हाय सांगितलं?"

"तू वैशाखात आलतास की रे. वैशाखात थंडीचं कोण इचारतंय?"

 बलभीमनं बैल जुंपले.

घरी आल्यावर तो जेवायला बसला, पण हात पुरते उघडले नाहीत. भाकरी बोटांच्या टोकांनीच मोडली. द्वारकाबाईनं त्याच्यापुढं कांदा ठेवला आणि पाठ करून चूल सारवायला घेतली. वर्षभर तिची पाठ अशीच वाकलेली होती. बब्रू झोपला नव्हता, एवढे तीन शब्द बोलले की ती सरळ झाली असती. पण मग टायर कुणी आणले, तेही बोलावं लागलं असतं. त्यानं पाणी पिऊन तांब्या पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला श्रीपतीची गाडी दारावरून गेली.

"दादा, येता न्हवं? रांग लागंल!"

"तू हो म्होरं."

बलभीम भरल्या गाडीच्या चाकाशी घोंगडं पांघरून बसून राहिला. उजाडल्यावर द्वारकाबाई चहा घेऊन बाहेर आली.

"अवं, जायचं न्हाय का?"

"ऊन येऊ दे."

"कशाला?"

"टायरला लागाय पायजे." त्यानं कपाकडं हात नेला नाही. "आगं, बब्रू... बब्रूला डुलकी लागली नव्हती. त्यो जागा व्हता. त्यानं दोरी वढली आसंल. लई वढली आसंल. ही टायरं गारठ्यात धरत न्हाईत. म्या उन्हाळ्यात पारखून आणली."

द्वारकाबाईनं कप जमिनीवर ठेवला. ती त्याच्यासमोर बसली, घोंगड्यातून त्याचा उजवा हात बाहेर काढला आणि एकेक बोट सरळ करत मूठ उघडली. सोललेल्या तळहाताकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"त्येचेबी आसंच व्हते," ती म्हणाली.

बलभीमला आधी कळलं नाही.

"मोरीवर मांडीवर घेतला तवा बगितले म्या. दोनीबी हात."

"मंग तवा का न्हाय बोललीस? सगळा गाव तुला..."

 पदराच्या टोकानं ती त्याच्या तळहातावरची माती टिपत राहिली.

"लई हौसेनं आणली व्हती तुम्ही," ती म्हणाली. "त्येलाबी लई आवडली व्हती."

समोरच्या लिंबाच्या शेंड्यावरून ऊन खाली सरकलं. आधी उसाच्या मोळ्यांवर आलं, मग गाडीच्या दांडीवर. चाकाच्या वरच्या अंगाला एक पिवळी पट्टी उमटली.

"ऊन आलं," द्वारकाबाई म्हणाली.

बलभीमनं डावा हात लांबवून टायरवर ठेवला.

"आजून गारच हाय."

तिनं चहाचा कप त्याच्याकडं सरकवला, आणि घोंगड्याचं एक टोक आपल्या खांद्यावर ओढून ती त्याच्या शेजारी चाकाला टेकून बसली.